सहलीहून आल्यावर ताप आला तर…

गेल्या पावसाळ्यात एक तरुण तापाने फणफणत माझ्याकडे आला. डोळे लाल, पोटऱ्या ठणकत होत्या. खोदून विचारले तेव्हा कळले, दहा दिवसांपूर्वी आंबोलीचा धबधबा पाहून परतताना गाडी ढकलण्यासाठी तो साचलेल्या पाण्यात उतरला होता. टाचेला भेग होतीच.

उंदीर, गुरे यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशा भेगांतून शरीरात शिरतात. ताप बहुधा ५ ते १४ दिवसांनी येतो. तोवर सहल विसरलेली असते. वेळीच औषध मिळाल्यास रोगी बरा होतो, उशीर झाल्यास मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

कोकणात जरूर फिरा. पण पायाला जखम असल्यास साचलेल्या पाण्यात उतरू नका. ताप आलाच, तर डॉक्टरांना सहलीचे आधी सांगा.