पत्र्याखालची रात्र

एप्रिल उजाडला की वस्तीत जयंतीची लगबग सुरू होते. १४ एप्रिल आटोपतो न आटोपतो तोच वैशाख पौर्णिमेची तयारी लागते. आपले दोन्ही मोठे उत्सव उन्हाळ्यातच येतात, म्हणून 'ऊन आपल्याला नवे नाही' असे आपण म्हणतो. पण उन्हाळा आता पूर्वीचा राहिलेला नाही, आणि त्याचा पहिला मार बसतो तो पत्र्याच्या घरांना.

गेल्या मे महिन्यात, नवतपा सुरू असताना, आमच्या वस्तीतल्या एक आजी दुपारी खाटेवर असंबद्ध बोलताना आढळल्या. त्या उन्हात गेल्याच नव्हत्या. घरच्यांना वाटले, बीपी वाढले. अंगाला हात लावला तर चटका बसावा इतके तापलेले. शेजारच्या आशाताईंनी उष्माघात ओळखला, ओल्या चादरीत गुंडाळून पंखा लावला, १०८ ला फोन केला. आजी वाचल्या. नंतर कळले, त्यांना तीन रात्री झोप नव्हती. घर मध्यरात्रीपर्यंत भट्टीसारखे तापलेले आणि भीतीपोटी दार बंद.

रात्रही तापते आहे

विदर्भात पारा ४५ च्या पुढे जाणे जुनेच. नवे आहे ते रात्रीचे तापणे. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून निघालेले वायू पृथ्वीभोवती गोधडीसारखे पसरले आहेत आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत. शहरातले सिमेंट दिवसभर ऊन पिते व रात्री ओकते. इमारतींचे एसी आतली गरमी बाहेर, म्हणजे आपल्या गल्लीत फेकतात.

दिवसभर तापलेले शरीर रात्री निवते, हृदयाला विसावा मिळतो. रात्र निवली नाही तर थकवा साचत जातो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस कोसळतो. वृद्ध, तान्ही मुले, गरोदर स्त्रिया, बीपी-शुगर-किडनीचे रुग्ण यांना धोका अधिक. आपल्या समाजात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. अंगातले पाणी कमी झाले की त्यांचे दुखणे उसळते. त्यांनी तहानेची वाट न पाहता पाणी पीत राहावे. बीपीसाठी लघवी होण्याची गोळी सुरू असेल तर उन्हाळ्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, स्वतःहून बंद करू नये.

घर कसे थंड ठेवावे

छप्पर पांढरे करणे हा सर्वांत स्वस्त उपाय. पांढरा रंग ऊन परतवतो आणि आतली गरमी काही अंशांनी उतरते. स्लॅबवर चुन्याचे दोन हात पुरतात. टिनावर चुना टिकत नाही, तिथे ऊन परतवणारा पांढरा रंग लावावा. सिमेंटचे पत्रे कोरडे घासू नयेत, ती धूळ फुफ्फुसाला घातक असते. टिनाखाली बांबूची चटई किंवा जुन्या साड्यांचे छत बांधले तरी फरक पडतो; मात्र ते चूल आणि वायरपासून दूर असावे. दिवसा उन्हाकडच्या खिडकीवर पडदा ठेवावा, रात्री समोरासमोरची दारे-खिडक्या जाळी लावून उघडी ठेवावीत.

घरातली हवा ४० अंशांच्या पुढे गेली की नुसता पंखा गरम वाराच अंगावर फेकतो. ओल्या फडक्याने अंग पुसत राहावे, मग पंख्याचा गुण येतो.

कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूने बसवावा व हवा निघायला समोर वाट ठेवावी. बंद खोलीत दमटपणा वाढून जीव अधिक गुदमरतो. पाणी भरण्यापूर्वी नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लग काढावा. अर्थिंग तपासून घ्यावे. विदर्भात कूलरचा शॉक लागून उन्हाळ्यात जीव जातात, त्यात मुलेही असतात. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासावी, नाहीतर डेंग्यूचे डास होतात. २०० वॅटचा कूलर रोज १० तास चालला तर महिन्याला ६० युनिट होतात. बिल १०० युनिटांच्या पुढे गेले की पुढचा दर चढतो, हे हिशेबात धरावे.

हिवाळ्यात हाच टिन रात्री बर्फासारखा होतो. तेव्हा बंद खोलीत शेगडी पेटवून झोपू नये. कोळशाचा विषारी वायू झोपेतच जीव घेतो.

उष्माघात झाला तर

बडबड, भोवळ, झटके, तापलेले अंग ही खूण. घाम असो वा नसो, वाट पाहू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, सर्वांगावर पाणी ओता, मान, काख व जांघेत ओली फडकी ठेवा, वारा घाला, १०८ ला कळवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही. नुसताच थकवा असेल तर एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून थोडेथोडे पाजा. चमचा चहाचा आणि सपाट भरलेला.

एकट्याचे काम नव्हे

विहार हे वस्तीतले बहुधा सर्वांत पक्के घर. दुपारी १२ ते ४ ते उघडे ठेवले, माठ भरले, पंखे लावले तर कितीतरी आजी-आजोबांची दुपार निभावेल. मंडळातील तरुणांनी एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी करून रोज एक फेरी मारावी. करुणा आचरणात आणायची ती अशीच. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक भाग कमी केला तर एका गल्लीची छपरे पांढरी होतील.

हक्काचे तेही मागायला हवे. २०१० च्या उष्णतेच्या लाटेत अनेक जीव गेल्यावर अहमदाबाद महानगरपालिकेने २०१३ मध्ये उष्णतेपासून बचावाचा आराखडा केला. आपल्या पालिकेला विचारा: आमच्या वस्तीसाठी आराखड्यात काय आहे? रमाई आवास योजनेत घर बांधत असाल तर समोरासमोर खिडक्या आणि पांढरे छत पहिल्यापासूनच धरा.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. देशाच्या वीज आणि पाणी धोरणाचा पाया घालण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. त्यांच्या लेकरांच्या घरात परवडणारी वीज, पुरेसे पाणी आणि निवलेली रात्र असावी, ही मागणी भीक नव्हे.

जयभीम!