काळवत्रीचे वय आणि दख्खनच्या पठाराची जन्मकथा

'दख्खनचे पठार लाव्हारसाचे बनले आहे' हे वाक्य आमच्या विद्यार्थ्यांना प्राथमिक शाळेपासून पाठ असते. ते केव्हा बनले, असे विचारले तर 'कोट्यवधी वर्षांपूर्वी' एवढे उत्तर मिळते आणि बहुधा गुरुजींचेही तेवढ्यावर समाधान होते. परंतु कोट्यवधी म्हणजे नेमके किती, आणि हे कोणी, कशावरून ठरविले, ही हकीकत मूळ वाक्याहून कितीतरी अधिक मनोरंजक आहे. आमच्या मासिकाच्या पुष्कळ वाचकांची घरे याच दगडावर उभी आहेत. बेळगावच्या उत्तरेस तो पसरला आहे, इंदूर, देवास, धार ही गावे त्यावरच वसली आहेत, आणि बडोदेकरांना पावागड चढताना तोच पायांखाली लागतो. (हैदराबादकरांच्या ग्रॅनाइटच्या शिळा मात्र याहून फार पुरातन, त्यांनी रुसू नये.)

सह्याद्रीच्या कोणत्याही घाटात कड्याकडे पाहिले तर काळवत्रीचे थर पायऱ्यांसारखे एकावर एक रचलेले दिसतात. भूशास्त्रात या खडकास 'ट्रॅप' म्हणतात, तो शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. प्रत्येक पायरी म्हणजे लाव्हारसाचा एकेक लोंढा. आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भूमी या खडकाने व्यापली आहे. त्या काळी आपला भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता. थंड होणाऱ्या लाव्हारसातील लोहकणांनी तत्कालीन चुंबकीय दिशा जपून ठेवली, तीवरूनच हे कळले.

आता वयाचा प्रश्न. खडकातील पोटॅशियमचा एक अल्पसा अंश किरणोत्सारी असतो. १२५ कोटी वर्षांत त्यातील निम्मा नाहीसा होतो व त्याच्या काही भागाचा आर्गॉन वायू बनतो. खडक वितळलेला असेतो हा वायू निसटून जातो. गोठला की अडकून साठू लागतो. तेव्हा पोटॅशियम किती व आर्गॉन किती हे मोजले म्हणजे खडक गोठल्याचा काळ कळावा. हिशेब सोपा, पण आमच्याकडचा पाऊस आडवा येतो. पाणी मुरून खडक कुजला की आर्गॉन निसटतो आणि वय खरे असेल त्याहून कमी भरते. उलट जुना वायू खडकात राहून गेला तर ते जास्त भरते. म्हणून आरंभीच्या मोजमापांत कोट्यवधी वर्षांची तफावत पडे, आणि पठार घडावयास फार दीर्घ काळ लागला असा समज झाला होता. १९८६ साली व्हॅन्साँ कूर्तियो या फ्रेंच शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी चुंबकीय पुराव्यांवरून दाखविले की हा सारा खेळ भूशास्त्राच्या मानाने अत्यल्प काळात, डायनासॉरांच्या अंताच्या सुमारास आटोपला.

गाळाच्या खडकांचे वय मात्र असे थेट काढता येत नाही. वाळूचा कण दुसऱ्या कोणत्या तरी पुरातन डोंगरातून आलेला असतो. त्याचे वय काढणे म्हणजे घराच्या विटेवरून गृहप्रवेशाची तिथी सांगणे होय. तेथे उपाय एकच : खालचा व वरचा लाव्हा मोजावयाचा व मधला गाळ त्या दोहोंच्या दरम्यानचा समजावयाचा. पठाराच्या बुडाशी नर्मदेच्या खोऱ्यात 'लामेटा' नावाचे थर आहेत. जबलपूरजवळ १८२८ साली स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यास त्यांत डायनासॉरांची हाडे सापडली. धार जिल्ह्यातील याच थरांत डायनासॉरांची ९२ घरटी व २५६ अंडी मिळाल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. लाव्ह्याच्या दोन लोंढ्यांमध्ये साचलेल्या तळ्यांचा गाळही ठिकठिकाणी आढळतो. नागपूरजवळच्या टाकळीचा असा गाळ हिस्लॉप व हंटर या मिशनऱ्यांनी गेल्या शतकाच्याही आधी, १८५०च्या सुमारास तपासला होता.

पण खरी गंमत केली ती तांबड्या मातीने. घाटातून जाताना दोन काळ्या थरांमध्ये विटकरी रंगाचा पट्टा दिसतो, तो आपण सहज ओलांडून जातो. दोन लोंढ्यांच्या मधल्या विसाव्यात ही माती तयार झाली, आणि त्याच अवधीत कोठे तरी उडालेली ज्वालामुखीची राख तीत मिसळली. त्या राखेत झिरकॉनचे सूक्ष्म स्फटिक असतात. स्फटिक बनताना युरेनियम आत घेतो, शिसे घेत नाही. पुढे जे शिसे सापडते ते जवळजवळ सारे युरेनियमपासूनच झालेले. या घड्याळाने २०१५ साली अमेरिकेतील ब्लेअर शोएन व सहकाऱ्यांनी ठरविले की मुख्य उद्रेक ६ कोटी ६३ लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास सुरू झाला व साधारण साडेसात लाख वर्षे चालला.

यानंतर भांडण लागले, आणि ते सांगितलेच पाहिजे. मेक्सिकोत अशनी आदळला तो काळ ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. डायनासॉर त्या आघाताने मेले की आमच्या लाव्ह्याच्या विषारी वायूंनी? फेब्रुवारी २०१९ मध्ये एकाच नियतकालिकात दोन लेख शेजारी शेजारी आले. झिरकॉनवाले म्हणाले, उद्रेक चार मोठ्या आवेगांत झाला व त्यांतला एक विनाशाच्या नेमका आधी आला. आर्गॉनवाले म्हणाले, नव्हे, लाव्हा बराचसा सलग वाहिला आणि त्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग विनाशानंतरचा. तेच कडे, तेच थर; घड्याळे तेवढी निराळी. आम्हांस यात शास्त्राची नामुष्की दिसत नाही. लाखो वर्षांच्या अंतरावरून काही हजार वर्षांवर वाद घालता यावा, हाच केवढा पल्ला!

पठार झाले, त्याची पश्चिमेकडची भिंत केव्हा झाली? याचे उत्तर काळवत्रीत नाही, ते जांभ्याच्या मुलखात मिळाले. खडक कुजून जांभा होताना मँगनीजची काही खनिजे बनतात, त्यांत पोटॅशियम असल्याने आर्गॉनचे घड्याळ तेथेही चालते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात घाटमाथ्यावरची व घाटाखालची अशी दोन्हीकडची खनिजे मोजली गेली. सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वी माथा आणि तळ हे दोन्ही आपापल्या जागी होते, दोहोंवर जांभा बनत होता, असे त्यातून निघाले. म्हणजे गोव्याहून वर येताना गाडी जो चढ धापा टाकीत चढते, तो हिमालय पुरता उभा राहण्याच्याही पूर्वीचा असून तेव्हापासून फारसा मागे हटलेला नाही.