खाऱ्या वाऱ्यातले वामनवृक्ष

वामनवृक्ष, म्हणजेच बोन्साय, ही झाडाची निराळी जात नव्हे. वड, चिंच किंवा सुरू यांचे नेहमीचेच रोप उथळ कुंडीत लावून मुळे आणि फांद्या सतत छाटत गेले, की काही वर्षांनी त्याला जुनाट झाडाचे रूप येते. चीनमध्ये राजपुत्र ली श्यान याच्या ७०६ सालच्या थडग्यातील भित्तिचित्रांत ताटलीत लावलेली अशी झाडे दिसतात. जपानने ही कला आपलीशी केली; १९२३ च्या भूकंपानंतर टोकियो सोडलेल्या माळ्यांनी १९२५ मध्ये ओमिया येथे बोन्सायचे गावच वसवले. मुंबईत ती रुजवण्यात इंडो-जपानीज असोसिएशनच्या बोन्साय अभ्यासगटाचा आणि निकुंज व ज्योती पारेख यांचा वाटा मोठा आहे.

जपानी नमुने मुख्यतः पाइन आणि जुनिपरचे. ती झाडे कडक हिवाळ्यात विश्रांती घेतात. मुंबईतल्या, खाडी आणि समुद्र यांच्यामध्ये वसलेल्या गोराईला तसा हिवाळा नाही. तेथे वडाला ओढूनताणून पाइनचा आकार देण्यापेक्षा आसपासच्या झाडांकडून आकार शिकणे अधिक फलदायी ठरते.

पहिला धडा किनाऱ्यावरच्या सुरूचा. खारा वारा समुद्राकडचे कोवळे शेंडे जाळतो, जमिनीकडचे वाढू देतो. झाड एका अंगाने झुकते. जपानी परंपरेतील ‘फुकिनागाशी’ हा वाऱ्याने वाकलेल्या झाडाचा प्रकार, आणि सुरू त्याला उत्तम जुळतो. सुरूच्या ज्या सुया दिसतात, त्या खरे तर बारीक हिरव्या डहाळ्या असतात. पाने त्यांच्या सांध्यांवरची खवल्यांएवढी. त्यामुळे लहान आकारातही प्रमाण बिघडत नाही.

दुसरा धडा भिंतींत उगवलेल्या वड-पिंपळांचा. मैना, कोकीळ, बुलबुल फळे खातात आणि त्यांच्या विष्ठेतून बिया इमारतींच्या भेगांत पडतात. चिमूटभर मातीवर जगलेल्या अशा झाडाची उंची खुंटते, मुळे मात्र भिंतीवर पसरतात. इमारत वाचवण्यासाठी ते काढावेच लागते. मुळे जपून सोडवता आली, तर रोपवाटिकेत सहसा न मिळणारे विलक्षण खोड हाती येते. पिंपळाची पाने मात्र फारशी लहान होत नाहीत, म्हणून सुंदर वामनवृक्ष करायला वडच सोपा.

वडाच्या कामाचा हंगाम पावसाळा. मृगाच्या आगेमागे मुळे छाटून कुंडी बदलली, की उष्ण, दमट हवेत झाड लवकर सावरते. याच हवेत पारंब्या फुटतात. त्या ओलसर शेवाळ भरलेल्या नळीतून मातीपर्यंत उतरवता येतात. वडाची मुळे आणि फांद्या एकमेकींना घट्ट बांधल्या तर जुळून एक होतात, म्हणून उणी जागा दुसरे मूळ जोडून भरता येते. आकारासाठी अॅल्युमिनियमची तार गुंडाळतात, पण पावसाळ्यात खोड इतके वेगाने जाडावते की काही आठवड्यांतच तार सालीत रुतू लागते. ती वेळीच कापून काढली नाही, तर वळ वर्षानुवर्षे राहतात. निरोगी झाडाची सगळी पाने खुडली तर नवी आणखी लहान येतात. दुबळ्या झाडाला हा उपाय मानवत नाही.

जुनिपरच्या साल काढलेल्या, पांढऱ्या सुक्या लाकडाचे सौंदर्य जगभर वाखाणले जाते. कोकणच्या ओलीत वडाचे तसे लाकूड कुजते. म्हणून येथे सुक्या लाकडाऐवजी कडेने भरत आलेल्या जखमा आणि पोकळ बुंधे यांवर भर द्यावा; चिंचेचे गाभ्याचे लाकूड टणक असल्याने तिच्यावर थोडे अधिक धाडस चालते.

मातीत विटांचा चुरा, नदीची जाड वाळू आणि कुजलेले शेणखत घातले की पाणी साचत नाही. गोराईच्या किनाऱ्यावरची वाळू मात्र क्षारामुळे निरुपयोगी. वाऱ्याबरोबर पानांवर बसलेले मीठही गोड्या पाण्याने धुवावे लागते. खाडीतील तिवरे कितीही वेडीवाकडी आणि मोहक असली, तरी त्यांना हात लावता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशापासून खारफुटीला कडक संरक्षण आहे.

तयार झाड पाहताना नजर मुळांपासून वर न्यावी. मातीवर सर्व बाजूंनी पसरलेली मुळे, वर निमुळते होणारे खोड, मग फांद्या आणि शेवटी पाने. फळांचे गणित वेगळे: छाटणीने पाने लहान होतात, फळे होत नाहीत. वीतभर उंबराच्या खोडावर नेहमीच्याच आकाराची उंबरे लगडतात, आणि जाणकार या झाडात तोच दोष गुण मानतात.