एक ‘च’ कमी केला तर...

आमच्या गावात नळाला चार दिवसांनी पाणी येतं. कधी पहाटे पाचला, तर कधी ऐन सकाळी आठला, डब्याच्या घाईत. मग गॅसवर कुकर, मोरीत भरून वाहणारं पिंप, मोटारीचा सुटलेला पाइप, उतू गेलेलं दूध आणि बाहेरून हाक, ‘‘अगं, माझा रुमाल कुठाय?’’ की झाला सुरू माझ्या तोंडाचा पट्टा!

एकदा अशाच सकाळी चौथीतली माझी लेक अर्धा तास आधीच दप्तर पाठीला लावून निघाली. ‘‘एवढ्या लवकर कुठे गं?’’ तर म्हणाली, ‘‘आज पाण्याचा वार आहे ना आई. मी शाळेतच जाऊन बसते.’’

तक्रार नव्हती तिच्या आवाजात. तेच जास्त लागलं. राग पाण्याचा आणि निघत होता लेकीवर!

दुपारी मैत्रिणीला फोन केला. ती कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘तुझ्या बोलण्यातले ‘च’ मोज बघू.’’ मग तिने मला अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाबद्दल सांगितलं. १९५५च्या सुमारास त्यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. त्यांचं म्हणणं असं, की घटना आणि आपला संताप यांच्यामध्ये एक पायरी असते, ती म्हणजे त्या घटनेबद्दल आपण मनाशी बोललेलं वाक्य. हा विचार मूळचा जुना. सुमारे १९०० वर्षांपूर्वी, गुलामीत जन्मलेल्या एपिक्टेटस या तत्त्वज्ञानेही तो सांगितला होता. एलिस म्हणतात, ‘हे झालं तर बरं’ या इच्छेचं आपण ‘हे झालंच पाहिजे’ असं फर्मान करतो आणि तिथेच सगळं बिनसतं. आपल्या मराठीत तर एका अक्षराचाच फरक!

त्या रात्री कॅलेंडरच्या मागच्या पानावर माझी फर्मानं लिहून काढली. ‘पाणी सातच्या आतच आलं पाहिजे.’ ‘पोळ्या साडेआठला झाल्याच पाहिजेत.’ ‘घरच्यांनी न सांगता मदत केलीच पाहिजे.’ मग एकेक ‘च’ खोडला. ‘पाणी सातच्या आत आलं तर सोयीचं, नाही आलं तर गैरसोय.’ गैरसोय काही संपली नाही, पण ती आता गैरसोयीएवढीच राहिली. नाराज असलं तरी हात कामाला लागतात. संतापात मात्र दूधही उतू जातं आणि शब्दही.

तिसऱ्या वाक्याने तर मला हसूच आलं. ‘न सांगता’ म्हणजे मी आजवर कुणाला सांगितलंच नव्हतं! मग रीतसर कामं वाटली. पाइप आणि पिंप ह्यांच्याकडे, कळशी आणि बाटल्या लेकीकडे. पाण्याच्या दिवशी डब्यात पोळी-भाजीऐवजी थालीपीठ. जग काही बुडालं नाही.

पण मैत्रिणींनो, एक गोष्ट स्पष्ट सांगते. ‘सकारात्मक विचार’ म्हणजे बाईने सगळं हसत सोसायचं, असा अर्थ मुळीच काढू नका. घरात मारहाण होत असेल, पदोपदी अपमान होत असेल, तर तिथे आपला विचार नाही, परिस्थिती बदलायची असते. त्यासाठी मदत मागायची असते. पाण्याचंही तसंच. इतकी वर्षं मी घरातच ओरडत होते, जिथे सांगायचं तिथे एक ओळसुद्धा लिहिली नव्हती. डोकं शांत झाल्यावर हे सुचलं. गल्लीतल्या आम्ही नऊ जणींनी सह्या करून नगरपालिकेत अर्ज दिला, ‘पाण्याची वेळ आधी कळवा.’ ठरलेली वेळ अजून मिळालेली नाही, पण आता आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप तरी येतो. पाठपुरावा चालू आहे.

आणि मी अगदी संत झाले, असंही नाही. परवा पाणी उशिरा आलं, पाइप निसटला आणि मी ओरडले, ‘‘आटपच आता!’’ लेक कळशी खाली ठेवत शांतपणे म्हणाली, ‘‘आई, ‘च’!’’

दोघीही खळखळून हसलो. त्या दिवशी ती शाळेत वेळेवर गेली. लवकर नाही.