नदीपाशी संपणारा विमा

आइसलँडच्या किनाऱ्याकिनाऱ्याने बेटाला वळसा घालणारा सुमारे १३०० किलोमीटरचा महामार्ग जवळजवळ सर्वत्र डांबरी व सुगम असला, तरी बेटाच्या मध्यभागी पसरलेल्या निर्मनुष्य पठारावर नेणारे रस्ते निराळ्याच जातीचे आहेत. क्रमांकाआधी ‘एफ’ हे अक्षर असलेले हे डोंगरी रस्ते बर्फ वितळून जमीन सुकल्यावरच, म्हणजे उन्हाळ्याचे मोजके महिने, खुले होतात. त्यांवरील अनेक नद्यांना पूल नाहीत, आणि फोर व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद पोहोचवणारी गाडी नसेल, तर तेथे जाण्यास कायद्याने मनाई आहे.

कायद्याची अट पुरी करणारी गाडी मिळाली की तयारी झाली, असा पर्यटकांचा समज असतो; प्रत्यक्षात भाडेकराराची बंधने त्याहून कडक असतात. काही कंपन्या लहान फोर व्हील ड्राइव्ह गाड्यांनाही हे रस्ते वर्ज्य ठरवतात, खडी उडून काच फुटली किंवा वाऱ्यावरच्या वाळूने रंग खरवडला गेला तर त्यासाठी सहसा वेगळा विमा घ्यावा लागतो, आणि दार उघडताच सोसाट्याच्या वाऱ्याने ते उलटे फिरून बिजागरीत मोडले, तर तो भुर्दंड बहुधा भाडेकरूवरच पडतो. उजव्या बाजूने गाडी चालवणे भारतीय चालकाला प्रारंभी अवघड वाटते खरे, पण ती अडचण लवकर सरते. करार वाचण्यातली नजरचूक मात्र महागात पडते. सर्वांत मोठा अपवाद नदीचा आहे, कारण नदी ओलांडताना झालेली हानी नेहमीच्या विम्यात बसत नाही.

ही हानी साधीसुधी नसते. हवा ओढून घेणाऱ्या मार्गाने पाणी सिलिंडरमध्ये शिरले, की हवेसारखे ते दाबले जात नसल्याने वर येणारा दट्ट्या अडतो, त्याला जोडलेला दांडा वाकतो आणि इंजिन निकामी होते. शिवाय हिमनदीतून निघालेल्या प्रवाहांची पातळी दिवसभर एकसारखी राहत नाही: रात्रीच्या गारव्यात बर्फ कमी वितळत असल्याने सकाळी नदी ओलांडण्याचा जो उतार सुकर असतो, तोच उन्हाच्या दिवशी दुपारनंतर गाडी वाहून नेण्याइतका फुगू शकतो. पाणी गढूळ असल्यामुळे तळ दिसत नाही. तरीही पात्र रुंद होऊन जेथे पाणी खळाळते तेथे ते सहसा उथळ, तर अरुंद व संथ दिसते तेथे खोल असते. पाण्यात शिरण्यापूर्वीच खालचा गिअर टाकून, मध्ये गिअर न बदलता, मंद व एकसारख्या गतीने पलीकडे जावे लागते. उतार भरवशाचा वाटला नाही म्हणून रस्ता सोडून दुसरी वाट काढणे हाही गुन्हाच आहे, कारण तेथील शेवाळावर उमटलेली चाकोरी बुजण्यास कित्येक दशके लागू शकतात.

लांडमान्नालौगार या उष्ण झऱ्यांच्या स्थळी एफ-२०८ रस्त्याने उत्तरेकडून गेल्यास नदीचा उतार अगदी शेवटी, त्या स्थळाच्या तोंडाशी लागतो. पुष्कळ चालक गाडी अलीकडेच उभी करून पादचारी पुलावरून पलीकडे जातात. थोर्समोर्क दरीकडे जाताना मात्र क्रोसाऊ नदी आडवी येते, आणि तेथे भाड्याची गाडी घालण्यापेक्षा उंच चाकांच्या प्रवासी बसचे तिकीट काढणेच श्रेयस्कर.