‘पाडस’ आणि आमच्या अंगणातले बोकड

बकरी ईद जवळ आली की आमच्या नागापुरात गल्लीगल्लीतून बोकडांचे आवाज येऊ लागतात. एमआयडीसीत पाळ्या करणारी माणसे घरी येताना पाला घेऊन येतात आणि मुले तेवढ्यात बोकडाचे बारसे करून मोकळी होतात. मग ईदच्या दिवशी एखादे मूल ताटावर बसत नाही. आमच्या धाकट्यानेही एका वर्षी असेच केले. त्याला काय सांगावे, हे आम्हालाच उमगेना. त्यानंतर काही दिवसांनी आम्ही घरात रोज रात्री ‘पाडस’ वाचायला घेतले.

मार्जोरी किनन रॉलिंग्ज या अमेरिकन लेखिकेची ही कादंबरी १९३८ सालची. पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. राम पटवर्धनांनी ती अशा मराठीत आणली की फ्लोरिडातले जंगल परके वाटत नाही.

ज्योडीच्या बापाला, पेनीला, साप चावतो. विष उतरवण्यासाठी तो एका हरणीला मारून तिचे काळीज वापरतो. बाप वाचतो, हरणीचे पाडस पोरके होते. ज्योडी ते घरी आणतो, स्वतःच्या वाटणीचे दूध पाजतो. पण पाडस वाढते आणि मक्याचे कोंब फस्त करते. ज्योडी पुन्हा पेरतो, कुंपण उंच करतो. पाडस तेही ओलांडते. त्या घरात मका नाही म्हणजे वर्षभराची भाकरी नाही. अखेर आजारी बाप मुलालाच सांगतो, त्याला रानात नेऊन गोळी घाल. ज्योडीला ते जमत नाही. आई बंदूक उचलते, तिचा नेम चुकतो आणि जखमी पाडसाची तडफड ज्योडीलाच थांबवावी लागते.

हजरत इब्राहीम (अ.) यांचा किस्सा आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. तिथे ऐन वेळी दुंबा येतो. इथे काहीच येत नाही, म्हणून वाचताना जीव कासावीस होतो.

ओ. हेन्रीच्या त्या प्रसिद्ध गोष्टीत बायको नवऱ्यासाठी आपले केस विकते आणि नवरा तिच्या केसांसाठी आपले घड्याळ. तो त्याग गोड आहे, कारण दोघांनी तो राजीखुशीने केलेला. ज्योडीवर तो लादला जातो. तरी रॉलिंग्ज कुणाला दुष्ट ठरवत नाही. आईचा आम्हाला आधी रागच आला. पण पोटची कितीतरी लेकरे मातीआड केलेली बाई ती. उरलेल्या एकाला उपाशी कशी ठेवील?

धाकट्याने मात्र शेवटी विचारले, “बापाने स्वतः का नाही मारले?” तो अंथरुणाला खिळला होता, असे आम्ही सांगितले. त्याला ते पटले नाही.

यंदा बोकड आणायला तो आपणहून आमच्याबरोबर आला. रोज पाणी त्यानेच दाखवले. नाव मात्र ठेवले नाही.