मधुमेहाची चाहूल

बँकेच्या काउंटरवरील माणूस तासातासाला उठून लघवीला जाऊ लागला की रांगेतले लोक काय बोलतात, ते मी ऐकले आहे. काही वर्षांपूर्वी मार्चअखेरच्या कामात माझे तसे होऊ लागले. सारखी तहान लागे. मी म्हणे, उन्हाळा आहे. पुढे पँट सैल झाली, तर पोट उतरले म्हणून घरी आनंदच झाला! शेवटी चप्पल लागून झालेली जखम तीन आठवडे भरेना, तेव्हा डॉक्टरांनी रक्त तपासले. उपाशीपोटी साखर २३८ निघाली. शरीर सहा महिने निरोप धाडत होते, मीच तो वाचला नाही.

मी कला शाखेचा पदवीधर, वैद्यकातला जाणकार नव्हे. परंतु जे समजून घेतले ते बंधू-भगिनींपुढे ठेवतो.

आपण खातो त्या अन्नातून ग्लुकोज नावाची साखर तयार होते. ती रक्तातून पेशींत जाण्यासाठी स्वादुपिंडातील इन्सुलिन लागते. ते कमी पडले किंवा पेशी त्याला दाद देईनाशा झाल्या, की साखर रक्तातच साचते. तिचे प्रमाण साधारण १८० च्या वर गेले की मूत्रपिंडे ती लघवीवाटे टाकू लागतात आणि ती सोबत पाणीही ओढून नेते. म्हणून रात्री-अपरात्री लघवीला उठावे लागते व घशाला कोरड पडते. पेशी मात्र उपाशीच राहतात. म्हणून भूक वाढते, थकवा येतो आणि खाऊनही वजन घटते.

आणखीही काही खुणा आहेत. नजर अंधुक होते, चष्म्याचा नंबर वरचेवर बदलतो. गळवे पुन्हा पुन्हा होतात. तळपायांना मुंग्या येतात किंवा बधिरपणा वाटतो. गुप्तांगाला खाज सुटते, पण संकोचामुळे ती कोणी सांगत नाही. मानेवर वा काखेत कातडी काळपट, जाडसर होते. आपण मळ समजून ती घासत बसतो. लहान मूल एकाएकी वाळू लागले, पुन्हा अंथरूण ओले करू लागले, उलट्या होऊन धापा टाकू लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

सर्वांत फसवी गोष्ट अशी की पुष्कळांना सुरुवातीला काहीच जाणवत नाही. म्हणून तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने तपासणी करून घ्यावी. आई-वडिलांना मधुमेह असेल, कमरेचा घेर वाढला असेल, रक्तदाब असेल किंवा गरोदरपणी साखर वाढली असेल, तर मुळीच टाळू नये. उपाशीपोटी साखर १०० च्या आत असावी. १०० ते १२५ हा धोक्याचा इशारा. येथे आहार व चालण्याने पुष्कळदा मधुमेह लांबवता वा टाळता येतो. १२६ किंवा अधिक आल्यास पुन्हा तपासून खात्री करावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते.

परमपूज्य बाबासाहेबांनाही अखेरच्या काळात मधुमेहाने ग्रासले होते. तेव्हा हा रोग आपल्या वस्तीला नवा नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत.

माझ्या पायाची जखम भरली, पण त्या बोटाला आजही स्पर्श कळत नाही. तेवढे नुकसान टाळता आले असते. 'उन्हाळा आहे', 'वय झाले' असे म्हणण्यापूर्वी एकदा रक्त तपासा, एवढीच विनंती.